मावशीचा प्रश्न, खडकवासल्याचं उत्तर: बोलणारं अ‍ॅप बाहेरच्या सेवेला कसं जोडतात

जुलै लागला की माझी मावशी दिवसातून चारदा एकच प्रश्न विचारते. "खडकवासल्यातून किती सोडलंय गं?" १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती सात वर्षांची होती, नारायण पेठेत राहायची. आता सिंहगड रस्त्याला राहते, नदीपासून फार लांब नाही. २५ जुलै २०२४ च्या पहाटे एकतानगरीत पाणी शिरलं, त्या दिवशी तिच्या इमारतीच्या पार्किंगमध्येही गुडघाभर पाणी होतं. पाऊस लागून राहिला की या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही.

उत्तर तसं तिच्या फोनमध्येच येऊन पडलेलं असतं. विसर्ग वाढवला की पाटबंधारे खात्याची सूचना सोसायटीच्या ग्रुपवर फिरते. पण मावशीची नजर अधू झाली आहे, आणि त्या एका सूचनेच्या आगेमागे चाळीस मेसेज असतात. कालची सूचना कुणीतरी आज पुन्हा फिरवलेली असते, ती वेगळीच. म्हणून गेल्या पावसाळ्याआधी मी तिच्यासाठी एक लहानसं अ‍ॅप केलं. पडद्यावर एकच मोठं माइकचं बटण. दाबायचं, विचारायचं, ऐकायचं.

तिनं ते शेजारपाजारी दाखवलं, आणि मला सगळ्यांनी एकच विचारलं: धरणात काय चाललंय ते फोनला कसं कळतं? फोनला ते कळत नाही. फोन दुसरीकडे विचारतो आणि येऊन सांगतो. कुणाला विचारतो, कोणत्या शब्दांत, किती वेळ थांबतो आणि उत्तर मिळालं नाही तर काय बोलतो, या चार गोष्टी म्हणजेच बोलणारं अ‍ॅप बाहेरच्या वेब सेवेला जोडणं. ते नीट समजावून सांगावं म्हणून हा लेख.

कान, तोंड आणि मधला सांधा

मावशी बोलते तो आवाज. त्याचा मजकूर करणं हे पहिलं काम, आणि शेवटी आलेल्या मजकुराचा पुन्हा आवाज करणं हे शेवटचं. ही दोन्ही कामं आता तयार मिळतात. गूगलची वाणी-ओळख मराठी घेते, अँड्रॉइड फोन मराठीत वाचूनही दाखवतो. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये सुरू केलेला 'भाषिणी' प्रकल्पही भारतीय भाषांसाठी अशा सेवा देतो. या दोन टोकांवर मी माझं डोकं चालवलेलं नाही, आणि अशा लहान कामात कुणी चालवू नये असं मला वाटतं.

आपलं काम मधलं. मजकूर हातात आला, आता त्याचं करायचं काय?

मावशी एकच गोष्ट रोज वेगळी विचारते. "किती सोडलंय?" "विसर्ग वाढवला का?" "नदीला पाणी किती आहे आज?" "भिडे पुलावरून पाणी गेलं का?" शब्द निराळे, पण पहिल्या तीन वाक्यांमागची इच्छा एक आहे, चौथ्याची वेगळी. या इच्छेला या क्षेत्रात इंटेंट म्हणतात, मी तिला हेतू म्हणते. माझ्या अ‍ॅपला सुरुवातीला फक्त तीन हेतू माहीत होते: विसर्ग किती, धरणात साठा किती, आणि मदत. प्रत्येक हेतूसाठी माणसं खरोखर कशी बोलतात त्याची वाक्यं गोळा करावी लागतात. मी वही घेऊन मावशीजवळ आठवडाभर बसले. घरी खुर्चीत बसून स्वतःच्या डोक्यानं रचलेली वाक्यं आणि त्या वहीतली वाक्यं यांत फारच थोडी सारखी निघाली. वेळ घालवायचा तर तो या वहीवर घालवावा.

हेतूमध्ये काही रिकाम्या जागा असतात, त्यांना स्लॉट म्हणतात. "पानशेतमध्ये किती साठा आहे" यात हेतू साठ्याचा, आणि भरायची जागा म्हणजे धरणाचं नाव. पुण्याला पाणी देणारी धरणं चार: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चारांची मिळून क्षमता सुमारे २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. चार नावांची यादी दिली की झालं, असं वाटतं. इथेच मराठी आपला हात धरते.

मराठीत नाव मोकळं येत नाही. खडकवासला हा शब्द मावशीच्या तोंडून कधीच 'खडकवासला' असा निघत नाही. तो 'खडकवासल्यातून', 'खडकवासल्याचं', 'खडकवासल्याला' असा निघतो. शाळेत शिकलेलं सामान्यरूप इथे अचानक कामाला येतं. शेवटचा 'ला' हा विभक्तीचा प्रत्यय समजून कापणारा साधा प्रोग्राम लिहिला, तर 'पानशेतला' चं 'पानशेत' बरोबर होतं आणि 'खडकवासला' चं 'खडकवास'. माझ्याकडून पहिल्या दिवशी हेच झालं. शेवटी प्रत्येक नावाची सगळी रूपं हातानं लिहून काढली. चार धरणांना ते जमतं. पुण्यातल्या सगळ्या भागांची नावं घ्यायची असती तर शब्दरूपं ओळखणारं वेगळं साधन लागलं असतं.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. आमच्या भागात नऱ्हे आहे. 'नऱ्हे' मधला ऱ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, अशी दोन चिन्हं मिळून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. माझ्या यादीतलं नऱ्हे आणि आवाजातून आलेलं नऱ्हे जुळत नव्हतं, आणि मी दोन तास त्या दोन सारख्या दिसणाऱ्या शब्दांकडे बघत बसले होते. संगणकात अक्षरं साठवण्याच्या युनिकोड या पद्धतीत यावर उपाय आहे, मजकूर आधी एका ठरलेल्या रूपात आणायचा आणि मग तुलना करायची. मराठीसाठी काम करणाऱ्यानं ही पायरी पहिल्याच दिवशी घालावी.

आकड्यांचंही तसंच. आपण साडेनऊ हजार म्हणतो, अडीच हजार म्हणतो, पावणेदोन टीएमसी म्हणतो. अडीच म्हणजे २.५ आणि पावणेदोन म्हणजे १.७५ हे कुणीतरी प्रोग्रामला सांगावं लागतं.

खिडकी आणि अर्ज

आता हेतू कळला आणि जागा भरल्या. अ‍ॅप ही माहिती घेऊन सेवेकडे जातं. ही सेवा म्हणजे इंटरनेटवर कुठेतरी सतत चालू असलेला एक प्रोग्राम. महापालिकेच्या नागरी सुविधा केंद्रात खिडकी असते ना, तशी त्याची एक खिडकी असते, तिला एपीआय म्हणतात. खिडकीवर गप्पा चालत नाहीत. ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यायचा, ठरलेल्या नमुन्यात उत्तर घ्यायचं. आतल्या कपाटांत काय कसं ठेवलंय हे अर्जदाराला कळायची गरज नसते. उद्या आतली सगळी कपाटं बदलली तरी नमुना तोच राहिला, तर बाहेरच्याला फरक पडत नाही.

अर्जाचा आज सर्वांत रुळलेला नमुना म्हणजे जेसन. रकान्याचं नाव आणि त्यापुढे किंमत, अशा जोड्यांची यादी. माझ्या अ‍ॅपच्या अर्जात तीनच रकाने आहेत: हेतू विसर्ग, धरण खडकवासला, भाषा मराठी. उत्तरात विसर्गाचा आकडा, एकक क्युसेक आणि नोंदीची वेळ. रकान्यांची नावं देवनागरीत ठेवली तरी जेसनला चालतात. आकडा मात्र आकडा म्हणून पाठवायचा तर इंग्रजी अंकांतच हवा. देवनागरी अंक लिहिले तर समोरचा प्रोग्राम अर्ज परत करतो.

हा अर्ज जातो तो एचटीटीपीएस या सुरक्षित वाटेनं, म्हणजे पाकीटबंद. मधल्या कुणाला आतलं वाचता येत नाही, आणि पाकीट ज्याच्या नावाचं आहे त्याच्याच हातात पडतंय याची खात्री होते. ही खात्री सर्व्हरचं, म्हणजे सेवा ज्या संगणकावर चालते त्याचं, प्रमाणपत्र देतं, आणि त्याला मुदत असते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची फुकट प्रमाणपत्रं ९० दिवसांची मिळत आली आहेत. नूतनीकरण आपोआप होण्याची व्यवस्था करायला मी विसरले होते. मुदत संपली त्या सकाळी अ‍ॅपनं सेवेशी बोलणंच नाकारलं, आणि मावशीला वाटलं की तिच्याच हातून काहीतरी दाबलं गेलं. तिला ते वाटणं मला फार लागलं.

सेवेच्या आत काय आहे? एक तक्ता आणि तो वाचणारा पन्नासेक ओळींचा प्रोग्राम. पाटबंधारे खात्याची सूचना आली की सोसायटीतले दोघं, पाळी लावून, तो आकडा आणि सूचनेतली वेळ एका फॉर्ममध्ये भरतात. यंत्राहून यंत्राकडे थेट माहिती येते तेव्हा उत्तमच. पण माणसानं भरलेला तक्ताही चालतो, त्याचीही वेब सेवा होते. लोक इथेच अडून बसतात, म्हणून मुद्दाम सांगते.

उत्तरात नोंदीची वेळ का, हे आता सांगायला हवं, कारण माझ्या मते सगळ्या जोडणीचा जीव त्यात आहे. पडद्यावर वाचणारा माणूस आकडा बघतो, तारीख बघतो, शंका आली तर वर सरकवून बघतो. ऐकणाऱ्याला यातलं काहीच नसतं. त्याला एक वाक्य मिळतं, आणि ते हवेत विरून जातं. "विसर्ग नऊ हजार क्युसेक आहे" हे वाक्य सकाळी सहाच्या नोंदीवरून दुपारी दोनला बोललं गेलं, तर ते खोटं ठरू शकतं, आणि ते ऐकणाऱ्याला ओळखता येत नाही. म्हणून माझी सेवा म्हणते, "सकाळी सहाच्या नोंदीप्रमाणे नऊ हजार क्युसेक." नोंद सहा तासांपेक्षा जुनी असेल तर वाक्याची सुरुवातच बदलते: "ताजी नोंद आलेली नाही. शेवटची नोंद आज सकाळी सहाची आहे." आकडा त्यानंतर येतो.

या वेळेनंच मला एकदा चांगलं फसवलं. पहिल्याच आठवड्यात मावशीचा फोन आला, "हे रात्री साडेबाराची नोंद म्हणतंय, तेव्हा कोण जागं होतं?" नोंद सकाळी सहाची होती. सर्व्हर जगाच्या प्रमाणवेळेवर चालत होता आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. सहातून साडेपाच गेले की साडेबारा. तेव्हापासून माझा नियम असा की सेवेच्या आत वेळ कशीही ठेवा, बोलण्याच्या आधी ती भारतीय वेळेत आलीच पाहिजे.

आकडाही कानाला झेपेल असा हवा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे होणं. हे ऐकल्यावर मावशी गप्प झाली होती, कारण टँकर तिला दिसतो, घनफूट दिसत नाही. कुणी "म्हणजे किती?" असं विचारलं तर सेवा आता टँकरांत सांगते. आणि ३५,००२ आला तरी बोलताना पस्तीस हजार. ते दोन क्युसेक तक्त्यात राहू देत.

आठ सेकंदांचा धीर

बोलून विचारलेल्या प्रश्नाला थांबायची सवय नसते. समोर माणूस असता तर "थांबा हं, बघते" म्हणाला असता, आपण थांबलो असतो. यंत्र गप्प राहिलं की ते बंद पडलं असं वाटतं. म्हणून अलेक्सासारखे मोठे बोलणारे सहायक सेवांना वेळ बांधून देतात. अलेक्साला स्किलकडून, म्हणजे तिला बाहेरच्यांनी जोडलेल्या सेवेकडून, आठ सेकंदांच्या आत उत्तर लागतं. संवाद बांधण्याच्या गूगलच्या डायलॉगफ्लो या साधनाच्या ईएस आवृत्तीत वेबहूकला, म्हणजे बाहेरच्या सेवेच्या खिडकीला, ठरावीक पाच सेकंद मिळतात. वेळ संपली की सहायक आपणहून माफी मागून मोकळा होतो, आणि तुमचं बरोबर उत्तर नवव्या सेकंदाला आलं तरी ते कुणी ऐकत नाही.

माझी सेवा सुरुवातीला एका फुकटच्या जागेवर होती. तिथे काही वेळ कुणी आलं नाही की प्रोग्रामला झोपवून ठेवतात, आणि पहिला अर्ज आला की तो उठून कामाला लागेपर्यंत अर्धं मिनिट जातं. दिवसभर ठीक चालायचं. पहाटे साडेपाचला, नेमक्या मावशीच्या पहिल्या प्रश्नाला, अपयश. मी उठून तपासेपर्यंत तो जागा झालेला असायचा, त्यामुळे मला दोष सापडेचना. शेवटी महिना थोडे पैसे भरून कायम जागी राहणारी जागा घेतली, आणि त्याखेरीज शेवटचं उत्तर अ‍ॅपमध्येच जपून ठेवलं. सेवा तीन सेकंदांत बोलली नाही तर अ‍ॅप जपलेलं उत्तर सांगतं, पण त्याच्या वेळेसकट आणि "नवी माहिती आत्ता मिळाली नाही" असं आधी सांगून.

सायरन, पोलिसांच्या गाडीवरचा भोंगा, खात्याची सूचना यांची जागा हे अ‍ॅप घेत नाही. ते विचारल्यावर बोलतं, आपणहून उठवत नाही. हे मी मावशीला आणि सोसायटीतल्या प्रत्येकाला समोर बसून सांगितलं आहे, आणि मदत मागितली की अ‍ॅपही पहिल्या वाक्यात हेच सांगतं.

कोण विचारतंय?

विसर्ग कुणीही विचारावा, ती सार्वजनिक माहिती. पण मावशीनं पुढच्याच महिन्यात विचारलं, "माझं मेंटेनन्स भरलंय का ते सांगेल का हे?" हिशेब दुसऱ्याच एका बिलिंग सेवेवर, आणि तिथे तिचं स्वतंत्र खातं. आता अ‍ॅपनं तिच्या वतीनं तिथे जायचं.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट वाट म्हणजे तिचा पासवर्ड अ‍ॅपमध्ये लिहून ठेवणं. घरकामाला येणाऱ्या ताईंना एक खोली झाडायची असते म्हणून कुणी तिजोरीच्या किल्लीसकट अख्खा जुडगा देत नाही. इथे ओऑथ नावाची पद्धत वापरतात. तिची आजची रुळलेली दुसरी आवृत्ती २०१२ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. अलेक्सामध्ये 'खातं जोडा' असं जे विचारतात त्यामागे हीच असते.

ती चालते अशी. अ‍ॅप मावशीला बिलिंग सेवेच्या स्वतःच्या पानावर नेतं. ओटीपी ती तिथेच टाकते, माझ्या अ‍ॅपला तो दिसत नाही. मग ते पान विचारतं: या अ‍ॅपला तुमची थकबाकी पाहू द्यायची का? ती हो म्हणते. सेवा एक छोटा, थोड्या वेळापुरता कोड देऊन तिला परत पाठवते. तो कोड माझा सर्व्हर पाठीमागच्या दारानं बिलिंग सेवेला देतो आणि बदल्यात टोकन, म्हणजे परवानगीची डिजिटल चिठ्ठी, घेतो. हा द्राविडी प्राणायाम अशासाठी की पहिला कोड फोनच्या ब्राउझरमधून फिरून येतो, वाटेत कुणी पाहण्याची शक्यता असते. खरा ऐवज असलेलं टोकन मात्र फक्त दोन सर्व्हरांमध्येच फिरतं. टोकनवर मुदत असते आणि मर्यादा असते: थकबाकी पाहता येईल, पैसे भरता येणार नाहीत. मावशीला नकोसं झालं तर बिलिंग सेवेत जाऊन ती ते रद्द करू शकते, पासवर्ड न बदलता.

उलट बाजूनं सेवेलाही खात्री हवी की अर्ज खरंच ठरलेल्या अ‍ॅपकडून आलाय. अलेक्सा आपल्या प्रत्येक अर्जावर डिजिटल सही करते. स्वतःच्या सर्व्हरवर सेवा चालवणाऱ्यानं ती सही तपासायची, आणि अर्जावरची वेळ १५० सेकंदांपेक्षा जास्त जुनी असेल तर तो नाकारायचा असा नियम आहे. कुणी जुना खरा अर्ज पकडून ठेवून तोच पुन्हा पाठवू नये म्हणून ही वेळेची अट.

आणि घरातला आवाज? अलेक्साची स्किल लिहिणाऱ्याला ओळखलेला हेतू आणि भरलेल्या जागा मिळतात, ध्वनिमुद्रण मिळत नाही. मीही आवाज साठवत नाही, मजकूरही रात्री पुसते. चुका शोधायला तो ठेवावा असा मोह होतो. पण मावशी माइक चालू ठेवून शेजारणीशी काय बोलते ते माझ्या सर्व्हरवर असण्याचं कारण नाही.

विचारणं वेगळं, करायला सांगणं वेगळं

एप्रिलमध्ये सोसायटीनं मला टँकरचं काम दिलं. टँकरवाल्यांकडे नोंदणीची वेब सेवा होती, आमच्या अ‍ॅपमधून "टँकर मागव" म्हटलं की तिथे अर्ज जायचा. दुसऱ्याच आठवड्यात दारात दोन टँकर उभे. घडलं ते असं: अर्ज पोचला, नोंद झाली, पण "नोंद झाली" हे उत्तर परत येताना नेटवर्कमध्ये अडकलं. माझ्या प्रोग्रामला वाटलं अर्ज पोचलाच नाही, त्यानं प्रामाणिकपणे पुन्हा पाठवला. आधीच्या सगळ्या कामात हे चालून गेलं होतं, कारण विसर्ग दोनदा विचारल्यानं काही बिघडत नाही. टँकर दोनदा मागवल्यानं बिघडतं. टाकी भरलेली, आणि चालक बिचारा धायरीवरून उन्हात आलेला. दुसऱ्या खेपेचे पैसे अर्थातच मी दिले.

उपाय जुना आहे, पावतीपुस्तकाचा. अर्ज तयार होताक्षणी त्याला एक क्रमांक द्यायचा. पुन्हा पाठवायची वेळ आली तरी क्रमांक तोच. सेवेनं तो क्रमांक आधी पाहिलेला असेल तर नवं काम न करता जुनंच उत्तर परत द्यायचं. आमच्या टँकरवाल्यांच्या सेवेत ही सोय नव्हती, म्हणून ती मी माझ्या बाजूला केली: उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवण्याआधी "आज या सोसायटीची नोंद आहे का" असं विचारून घ्यायचं.

शिवाय करण्याआधी एकदा विचारायचं. "एक टँकर मागवू का?" यावर माणसं हो किंवा नाही म्हणतील असं मी धरलं होतं. माणसं म्हणतात, "मागव की." "चालेल." "बरं." "राहू दे." "नको आत्ता." यातल्या 'बरं' नं मला खूप विचार करायला लावलं. मावशी 'बरं' म्हणते तेव्हा तिनं फक्त ऐकलेलं असतं, होकार दिलेला नसतो. म्हणून 'बरं' आलं की अ‍ॅप पुन्हा एकदा स्पष्ट विचारतं.

दुसऱ्याच्या जागेवर किती बांधायचं

मला बरेच जण विचारतात की अलेक्सा किंवा गूगल असिस्टंट असताना वेगळं अ‍ॅप कशाला. भाषा हे एक कारण: अलेक्साची स्किल भारतात हिंदी आणि इंग्रजीत करता येते, मराठीत नाही. गूगल असिस्टंट २०१८ पासून फोनवर मराठी बोलतो, पण बाहेरच्यांनी त्यात आपले संवाद जोडण्याची जी सोय होती, ती गूगलनं १३ जून २०२३ ला बंद केली. त्यावर ज्यांनी सगळं बांधलं होतं त्यांना दुसरी जागा शोधावी लागली. म्हणून धरणांची नावं, वेळेचे नियम, वाक्यं कशी बोलायची हे सगळं मी सेवेत ठेवलं आहे, आणि फोनमधलं अ‍ॅप फक्त कान आणि तोंड. उद्या अलेक्सानं मराठी घेतली तर त्याच खिडकीवर आणखी एक अर्जदार उभा राहील.

आता भाषा-मॉडेलं, म्हणजे प्रचंड मजकुरावरून भाषा शिकलेले प्रोग्राम, आली आहेत. त्यांना हेतूंची यादी आणि वही लागत नाही. तुमच्याकडे कोणत्या खिडक्या आहेत आणि कुठला अर्ज कुठे चालतो एवढं सांगितलं की वाक्य कसंही आलं तरी ते योग्य अर्ज भरून देतात. अशा खिडक्या जोडण्याची एक समान पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रोपिक या कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली. मी मार्चपासून हे करून बघतेय, आणि 'खडकवासल्यातून' ची सगळी रूपं त्याला न शिकवता कळतात याचा मला फार आनंद झाला. एक बंधन मात्र मी घातलं आहे: आकडा मॉडेलनं बोलायचा नाही. मॉडेलनं फक्त अर्ज भरायचा, आणि आकडा असलेलं वाक्य माझी सेवा देईल ते जसंच्या तसं वाचायचं. सेवा गप्प राहिली तर मॉडेल शोभेल असा एखादा आकडा रचून सांगू शकतं, आणि नदीकाठी तसला आकडा नको.

गेल्या आठवड्यात मावशीनं उत्तर ऐकलं आणि लगेच पुढे विचारलं, "आणि कालच्यापेक्षा?" अ‍ॅपला काही कळलं नाही. त्या वाक्यात धरण नव्हतं, विसर्गही नव्हता, ते सगळं आधीच्या वाक्यात होतं. माणूस बोलताना मागचं धरून बोलतो, आणि माझी सेवा प्रत्येक अर्ज नव्यानं आल्यासारखा वाचत होती. आता शेवटचा प्रश्न दोन मिनिटं लक्षात ठेवते, आणि तक्त्यातून कालची त्याच सुमाराची नोंद काढते. काल रात्री तिनं तेच पुन्हा विचारलं. उत्तर आलं, "काल संध्याकाळी सहाला साडेचार हजार होता, आज संध्याकाळी सहाला अडीच हजार. कमी झालाय." मावशी म्हणाली, "बरं," आणि जेवायला उठली.